प्रयागबाईंचा डोंगर

फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात एकटाच जेवायला बसलो होतो. अहमदपूरकडच्या एका वनरक्षकाचा आवाज होता. नोकरीत मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, माझ्या निवृत्तीनंतरची त्याची भरती. "सर, एक सांगायचं होतं," तो म्हणाला, "तुमच्या डोंगरावरची म्हातारी गेली. चार दिवस झाले." मी विचारलं, "कोण म्हातारी?" आणि विचारता विचारताच मला कळलं होतं, कोण ते. "ती नाही का सर, बिया टोकत फिरायची... प्रयागबाई. तुमच्या प्लांटेशनवर मजुरी केलेली होती म्हणे, म्हणून म्हटलं कळवावं." मी बरं म्हणालो, फोन ठेवला. ताटातली भाजी तशीच राहिली. तो भला माणूस, त्याने आठवणीने कळवलं. पण 'तुमचा डोंगर', 'तुमचं प्लांटेशन' हे दोन शब्द काही केल्या कानातून जाईनात. महिना होऊन गेला, अजून जात नाहीत. म्हणून हे लिहायला बसलोय.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला, त्यानंतर लगेचच माझी वनपाल म्हणून अहमदपूर तालुक्यात नेमणूक झाली. मी लोह्याकडच्या शेतकरी घरातला. वय चोविशीच्या आतबाहेर, अंगावर नवा खाकी कपडा आणि डोक्यात नव्या जिल्ह्याचा वारा. सगळंच नवं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, खुर्च्या उसन्या, शिक्के ताजे. वरून येणारा प्रत्येक कागद म्हणायचा, जिल्हा नवा आहे, काम दिसलं पाहिजे. माझ्या वाट्याला जे जंगल आलं, त्याचं नाव टकल्या डोंगर. नाव सार्थ होतं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी तिथली झाडं सरपणाला तोडली होती, मग बुंधे खणले, मग मुळ्या. मी पाहिला तेव्हा वर फक्त दगड, तरवड आणि बोरीची काटेरी झुडपं उरली होती. पावसाचं पाणी त्यावरून असं पळायचं, जसं काही त्याला कुणी हाकललंय.

त्या डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत, बौद्धवस्तीच्या टोकाच्या घरात प्रयागबाई राहायच्या. तेव्हा मी त्यांना सरळ 'प्रयागा' म्हणायचो, अगं-तुगं करायचो. त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या होत्या, पण मजूर बाईला अहो म्हणायचं असतं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आज 'त्या' लिहिताना हात जरा अडखळतो. उशिरा दिलेला मान असा अवघडल्यासारखा वाटतो. त्यांचं लग्न होऊन वर्ष झालं आणि दुष्काळ पडला. नवरा-बायको दोघं खडी फोडायला जायचे. एक दिवस नवरा म्हणाला, हैदराबादला काम लागतंय, लागलं की न्यायला येतो. तो पुन्हा आला नाही. मेला, की दुसरं घर केलं, काहीच कळलं नाही. मूलबाळ नव्हतं. भाऊ अहमदपूरला होता, तो ये म्हणायचा. त्या गेल्या नाहीत. "तो आला न् कुलूप दिसलं तर?" असं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं. तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं होऊन गेली होती.

आमच्या रोपवाटिकेत त्या रोजंदारीवर पाणी घालायच्या. रोपं पिशवीत वाढवायची, पावसाळ्यात डोंगरावर खड्ड्यात लावायची, उन्हाळ्यात ती मरायची, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी याला दुष्काळ म्हणायचो. एका मे महिन्यात आम्ही मेलेली रोपं मोजत हिंडत होतो. मी वहीत लिहीत होतो आणि प्रयागबाई रोपं उपटून ढीग करत होत्या. मधेच त्या थांबल्या. "साहेब, हे बघा की." त्यांच्या हातात वाळलेलं रोप होतं, आणि त्याची मुळी पिशवीच्या आकाराची, गोल गोल, चुंबळीसारखी वळलेली. दोन वर्षं जमिनीत राहूनही ती सुटली नव्हती. मग त्या मला एका बोरीच्या झुडपाकडे घेऊन गेल्या. काट्यांच्या आत कडुलिंबाचं एवढंसं रोप आपोआप उगवलेलं होतं. भर मे महिना, आणि पानं हिरवीगार. त्यांनी खुरप्याने बाजूची माती उकरायला सुरुवात केली. उकरतच राहिल्या. वर बोटभर रोप, आणि खाली मुळी दगडाच्या फटीतून हातभर गेलेली, तरी टोक सापडेना. त्यांनी माती परत लोटली, हाताने थापली. "ह्याला कुनी पानी घातलं न्हाई साहेब. पाखरानं बी टाकलं आन् गेलं. पिशवीतल्या झाडाला खाली जायाचं ठावंच न्हाई, आपुन लाड करून राहिलो त्येचे."

मग म्हणाल्या, "आपुन बीच टोकू."

थेट जमिनीत बी खोचायचं? मी हसलो होतो. आमच्याकडे रोपांचा हिशेब चालायचा. बी कुठे नोंदवायचं, कसं मोजायचं, काहीच तरतूद नव्हती. पण त्यांनी पाठ सोडली नाही. शेवटी मी म्हणालो, दक्षिणेकडच्या उताराला काय करायचं ते कर, कागदावर ती जागा रिकामीच आहे. दक्षिण उतार म्हणजे टकल्याची सगळ्यात भाजकी बाजू. तिथे लागवड करायची हिंमत कुणी केली नव्हती. मी दिलं ते असं... जे वाया गेलं तरी माझं काही बिघडणार नाही ते.

बिया त्यांनी कुठून गोळा केल्या, हे आठवलं की आजही थक्क व्हायला होतं. बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा शेळ्या खातात; बी त्यांच्या पोटातून बाहेर पडतं ते टरफल मऊ होऊन. म्हणून प्रयागबाई वाडीतल्या शेळीवाल्यांचे गोठे झाडून द्यायच्या, आणि त्या बदल्यात लेंड्यांतलं बी घेऊन यायच्या. खैराचं बी गरम पाण्यात भिजवायच्या. पळसाच्या चपट्या शेंगा, सीताफळाच्या काळ्या बिया, बोराच्या आठळ्या... पदरात, गाठोड्यात, डब्यात. पहिल्या वर्षी मोकळ्या जमिनीवर टोकलं, तर मुंग्यांनी आणि उंदरांनी निम्मं नेलं, उरलेलं उन्हाने. मला वाटलं, संपलं. पण पुढच्या वर्षी त्या शेणात आणि राखेत बी कालवून, प्रत्येक दगडाच्या सावलीच्या अंगाला, प्रत्येक बोरीच्या काट्यात, तरवडाच्या बुडात हात घालून टोकत गेल्या. काट्यात शेळी तोंड घालत नाही आणि तरवड ती खात नाही, हे त्यांचं गणित. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असत. मी म्हणायचो, औषध लाव. त्या म्हणायच्या, "लावते की," आणि पदर ओढून घ्यायच्या.

ते उगवलं. लांबून काहीच दिसायचं नाही, वाकून पाहावं लागे. पण वाकलं की प्रत्येक झुडपाच्या पोटात दोन-चार पानं. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, पाऊस तर नावालाच होता, तरी ती तग धरून होती. वर वाढत नव्हती, खाली जात होती. प्रयागबाई रोज काम सुटलं की तिकडून चक्कर मारूनच घरी जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "घरी जाऊन तरी काय करू साहेब, हितं कुनीतरी हाय." मी ते ऐकलं आणि वही मिटून मोटारसायकलला किक मारली.

तिसऱ्या वर्षी वरचे साहेब पाहणीला आले. नव्या जिल्ह्यात मोठी लागवड व्हायची होती, सलग, रस्त्यावरून दिसेल अशी. नकाशावर टकल्याचा दक्षिण उतार रिकामा होता. तो रिकामा मीच दाखवलेला होता. ते उतारावर उभे राहिले, चौफेर पाहिलं. "इथं काय आहे?" त्यांनी विचारलं. माझ्या बुटाला लागून एक खैराचं रोप होतं. पाच पावलांवर प्रयागबाई पाण्याची घागर घेऊन उभ्या होत्या. मला सांगता आलं असतं. फार तर विनापरवाना काय केलंस म्हणून बोलणी बसली असती, कदाचित तीही बसली नसती. ते साहेब काही वाईट नव्हते, वाकून पाहा म्हटलं असतं तर वाकलेही असते. पण मी नवा होतो, आणि रिकाम्या म्हणून दाखवलेल्या जागेत काहीतरी आहे हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "काही नाही साहेब."

प्रयागबाईंनी घागर खाली ठेवली. एवढंच.

पंधरा दिवसांत खड्डे खणायला सुरुवात झाली. हजेरीपटावर त्यांचंही नाव होतं. दुष्काळातलं काम, ते सोडून चालण्यासारखं नव्हतं. म्हणजे त्यांनी टोकलेल्या रोपांतून, त्यांनीच कुदळ मारायची. दोरी लावून सरळ ओळी आखल्या होत्या. पहिल्या सकाळी त्या माझ्याजवळ आल्या. बाकीचे मजूर ऐकत होते म्हणून हळू बोलल्या. "साहेब, दोरी जरा इकडं-तिकडं सरकवू का? खड्डे तेवढेच व्हतील. नुस्त्या वळी वाकड्या येतील." मी म्हणालो, "ओळी सरळच पाहिजेत. मोजायला येणार आहेत." त्यांनी मान हलवली. मग मला त्या एका रोपापाशी बसलेल्या दिसल्या. ते मुळासकट काढून बाजूला लावावं म्हणून खुरप्याने खणत होत्या. मुळी इतकी खोल गेलेली की ती मधेच तुटली. त्यांनी तुटकी मुळी हातात धरून पाहिली, खाली ठेवली, आणि उठून कुदळ उचलली. मी पाठ फिरवली आणि दोरी ताणणाऱ्याशी उगाच काहीतरी बोलू लागलो. दिवसभर माझ्या पाठीमागे कुदळींचा आवाज येत होता, आणि त्यांतला त्यांचा कोणता ते मला ओळखू येत होतं, असं वाटत होतं. तसं ओळखू येत नसतं, हे मलाही कळतं.

पुढच्या मे महिन्यात माझी धर्माबादला बदली झाली. मग आणखी कुठे कुठे. लग्न झालं, मुलगा झाला, बढत्या झाल्या. लातूरला कामाला अनेकदा गेलो, अहमदपूरच्या स्टँडवर एसटी थांबली की खाली उतरून चहाही प्यायलो. तिथून टकल्या फार दूर नव्हता. मी गेलो नाही. मेलेली झाडं पाहवणार नाहीत, असं स्वतःला सांगायचो. खरं तर बाई भेटेल याची भीती होती.

मधल्या काळात तिथे काय झालं ते मला फार नंतर कळलं. खड्ड्यांतली निलगिरी आणि सुबाभूळ टँकरचं पाणी होतं तोवर जगली. पाऊस आणखी रुसला, टँकर बंद झाला, ओळीच्या ओळी वाळून गेल्या. काम थांबलं, मजुरांची नावं कमी झाली, प्रयागबाईंचंही गेलं. पण दोन खड्ड्यांच्या मधे, दोन ओळींच्या मधे, कुदळीतून वाचलेली त्यांची रोपं उरली होती. आणि जे गेलं ते त्यांनी पुन्हा टोकलं. कुणी सांगितलं नव्हतं, मजुरी नव्हती. वर्षभर लोकांच्या शेतात राबायच्या आणि पावसाच्या तोंडाला गाठोडं घेऊन डोंगर चढायच्या. शेळीवाल्यांच्या दारोदार जाऊन सांगायच्या, दिवाळीपर्यंत तेवढा उतार सोडा. कुणी ऐकायचं, कुणी हसायचं. वाडीत त्यांना येडी प्रयागी म्हणायचे. हे सगळं एक-दोन वर्षं नाही, जवळजवळ तीस वर्षं.

माझ्या निवृत्तीच्या वेळी सत्कार झाला. मंचावर मोठ्या पडद्यावर एक फोटो दाखवला. हिरवागार डोंगर, पळस फुललेला. निवेदक म्हणाले, उजाड टकल्या डोंगर हिरवा करणारे हे आपले साहेब. पायथ्याच्या फलकावर माझ्या काळातलं वर्ष आणि योजना होती, म्हणून सगळ्यांनी तसं गृहीत धरलेलं. फलकावर निलगिरी आणि सुबाभूळ लिहिलं होतं, फोटोत खैर, पळस आणि हिवर दिसत होते. सभागृहात निम्मे लोक वनखात्यातले होते, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी पुढे झालो, वाकलो, आणि शाल अंगावर घेतली.

त्या सत्काराच्या आठव्या दिवशी मी टकल्यावर गेलो. पायवाट शोधायला लागली, इतकं रान माजलं होतं. आत थंडावा होता. चितूर पाखरं ओरडत होती. एका पळसाखाली प्रयागबाई बसलेल्या दिसल्या, पाय पसरून, शेजारी काठी. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं, आणि त्यांनीही. "साहेब, जाड झालाव," त्या म्हणाल्या. मी खाली बसलो. सत्काराचं सांगितलं, सगळं, फोटोसकट. मला वाटत होतं त्या चिडतील, चिडाव्यात असंही वाटत होतं. त्यांनी विचारलं, "शाल कसली व्हती? उबीची हाय का नुस्ती दिसायला?" मी म्हणालो, नुसती दिसायला. त्या खळखळून हसल्या. मग मी ते खड्ड्यांचं काढलं. तीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, पण तोंडातून अर्धवटच आलं. "प्रयागबाई, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं..."

"जी गेली ती गेली," त्या म्हणाल्या. "म्या पुन्ना टोकली. त्येचं काय न्हाई साहेब. तुमी पुन्ना बघाय आला न्हाई, त्येचं लई वाईट वाटलं. दर साली वाटायचं, आता येतील, येवढी झाली म्हनून दावू. वाडीत कुनाला दावू? त्यास्नी हे रानच दिसायचं. तुमाला मुळी ठावं व्हती ना. ती उकरली तवा तुमी हुता."

त्यांनी मला उतार हिंडून दाखवला, काठी टेकत, झाडामागून झाड. हे पहिल्या सालचं. हे त्या सालचं जेव्हा विहिरी आटल्या. हे मला वाटलं गेलं, पण बघा. ऊन कलेपर्यंत आम्ही हिंडलो. निघताना त्या पायवाटेच्या वळणापर्यंत आल्या आणि मी दिसेनासा होईपर्यंत उभ्या होत्या.

त्यानंतर मी पुन्हा गेलो नाही. बायकोचं आजारपण सुरू झालं, ते दोन वर्षं चाललं, मग ती गेली. मग गुडघे. मुलगा पुण्याला. ही कारणं खरी आहेत, पण अहमदपूर काही परदेशात नव्हतं. एवढं मोठं घर सांभाळत एकटं बसताना मला प्रयागबाईंची आठवण यायची, आणि आठवण आली की वाटायचं, पुढच्या महिन्यात जाऊ.

फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी वाडीत गेलो. त्यांची भाची सुजाता आलेली होती, अहमदपूरला दवाखान्यात नर्स आहे. तिने सांगितलं, आत्या आजारी अशी नव्हती. सकाळी शेजारणीशी बोलली, दुपारी भाकरी खाऊन आडवी झाली, ती उठलीच नाही. शेजारणीला दिवेलागणीला कळलं. इतक्या वर्षांत मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. बाहेरूनच हाक मारायचो, त्या बाहेर यायच्या. का, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आत एकच खोली. सारवलेली जमीन, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांचा फोटो, एक बाज, चूल, चार भांडी. एका माणसाचं सगळं एकेकच. आणि बाजेच्या समोर, भिंतीला लावून, एक लाल प्लास्टिकची खुर्ची. त्या खोलीत ती इतकी वेगळी दिसत होती की मी पाहत राहिलो. वर धुतलेलं जुनं लुगडं घडी घालून पांघरलेलं होतं.

सुजाताने लुगडं काढलं. "बसा ना काका. ही तुमच्यासाठीच आणलेली आहे." मी म्हटलं, माझ्यासाठी? "तुम्ही डोंगरावर आला होता ना, पाच-सहा वर्षांखाली? निघताना म्हणला होता म्हणे, पुढच्या खेपेला घरीच येतो, चहा प्यायला. पुढच्या बाजाराला आत्या अहमदपूरला आली आणि मला म्हणाली, चल, खुर्ची घेऊ. साहेब खाली कसं बसतील? डोक्यावर घेऊन आली ती इथवर. आम्ही कुणी आलो तरी बसू द्यायची नाही. दर रविवारी पुसायची."

मी तसं म्हणालो असेन. निघताना माणूस काहीतरी म्हणतोच. मी खूप आठवून पाहिलं, त्या दिवसाचं सगळं आठवतं, त्यांची काठी, चितूर, पळसाखालची सावली... ते वाक्य मात्र आठवत नाही.

सुजाता चहा ठेवायला चुलीकडे वळली. मला त्या खुर्चीवर बसवेना. मी खाली, सारवलेल्या जमिनीवर बसलो. तिथून खुर्ची अगदी समोर होती. खुर्चीच्या हातांना गुंडाळलेला दुकानातला पातळ कागद अजून काढलेला नव्हता.